रेघा, ठिपके आणि काळी स्क्रीन: जुन्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का, आणि गेलं असेल तर काय लावावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरी 2013 सालचा पीसी आहे: इंटेल आय5-3470, एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी रॅम, जीटीएक्स 650 कार्ड, कॅबिनेटसोबत आलेला 450 वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) आणि व्हीजीए केबलवर चालणारा जुना मॉनिटर. आधी गेम खेळताना रंगीत ठिपके आणि उभ्या रेघा यायच्या. आता विंडोजचा लोगो येऊन गेला की स्क्रीन काळी होते, पंखे मात्र फिरत राहतात. सेफ मोडमध्ये सगळं नीट दिसतं. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, रीबॉलिंग करू (चिपखालचं सोल्डर बदलू), नाहीतर सरळ नवा पीसी घ्या. तुम्हाला हवंय ते एवढंच, की कोणतं कार्ड बसेल.

कोणतं बसेल हे सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट निकालात काढायला हवी. कार्ड बिघडलं तरी हीच लक्षणं दिसतात आणि कार्डाला पुरेशी वीज मिळत नसली तरी हीच दिसतात. हे वेगळं न करता नवं कार्ड बसवलं, तर काही आठवड्यांत तेच ठिपके नव्या कार्डावर दिसण्याची शक्यता चांगलीच आहे. तुमच्या मशीनचा निकाल बराचसा एसएमपीएसच्या खऱ्या ताकदीवर अवलंबून आहे. तो आकडा तुम्ही दिलेला नाही, म्हणून तो कसा काढायचा तेही खाली लिहितो.

सेफ मोडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: तिथे नीट दिसतंय म्हणजे हार्डवेअर ठणठणीत आणि ड्रायव्हर खराब. तसं नाही. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं. कार्ड मंद गतीने चालतं, त्याची बहुतेक मेमरी रिकामी पडून असते आणि वीजही थोडीच खेचली जाते. खरा ड्रायव्हर लोड झाला की चिपचा वेग (क्लॉक) वर जातो, मेमरी भरायला लागते, विजेची मागणी वाढते. त्यामुळे तुमच्या लक्षणावरून संशयित तीन उरतात: ड्रायव्हर, वीजपुरवठा आणि कार्डावरची चिप किंवा मेमरी. मशीन चालू केल्याबरोबर मदरबोर्डच्या लोगोवर किंवा बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामच्या) पडद्यावरच रेघा दिसत असत्या, तर ड्रायव्हर लगेच निर्दोष सुटला असता, कारण तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं. पुढच्या वेळी त्या पहिल्या पाच सेकंदांकडे नीट बघा.

मॉनिटर आणि केबल आधी बाजूला काढू. रेघा दिसत असताना मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडा, ब्राइटनेस वगैरेचा. त्या मेन्यूवर आणि केबल काढल्यावर येणाऱ्या "नो सिग्नल"च्या चौकटीवरही रेघा असतील तर दोष मॉनिटरचा. दुसरी खूण म्हणजे रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून बघा. चित्रात रेघा उमटल्या असतील तर बिघाड कार्डाच्या आत तयार होतोय. चित्र स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा गडबड कार्डातून बाहेर पडल्यानंतरची असते: पोर्ट, केबल किंवा मॉनिटर.

आता सर्वांत उपयोगी चाचणी, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. आय5-3470 मध्ये इंटेल एचडी 2500 ग्राफिक्स आहे आणि एच61 बोर्डाच्या मागे व्हीजीए पोर्टही असतो. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि कार्ड स्लॉटमधून पूर्ण बाहेर काढा. नुसती केबल हलवून भागत नाही, कारण कार्ड लावलेलं असलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद ठेवतात. मॉनिटर बोर्डाला जोडा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखं काम करा. मशीन न अडखळता चाललं तर बोर्ड, रॅम आणि विंडोज यांच्यावरचा संशय जवळपास संपतो. एसएमपीएसवरचा मात्र संपत नाही, कारण कार्ड काढल्याबरोबर त्याच्यावरचा साठेक वॅटचा भार उतरलेला असतो. दुकानात हाच मुद्दा सर्रास सुटतो: कार्ड काढलं, मशीन चाललं, म्हणजे कार्डच खराब, असा निष्कर्ष घाईने निघतो.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी: पी67 चिपसेटचा बोर्ड, आय5-3350पी सारखे शेवटी "पी" असलेले प्रोसेसर आणि एएमडीची एफएक्स मालिका (तिच्या बोर्डावर स्वतंत्र ग्राफिक्स नसेल तर) यांच्यात ही सोय नाही. तिथे कुणाचं तरी चालू कार्ड तात्पुरतं मागून आणावं लागतं.

कार्ड बाहेर आहेच, तर साफसफाई उरकून घ्या. स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरून मऊ पांढरा खोडरबर पट्ट्यांच्या दिशेने हलके फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नका, मुलामा निघतो. पंखा बोटाने फिरवून बघा. जड फिरत असेल किंवा लगेच थांबत असेल तर बेअरिंग सुकलंय. दहा वर्षं हात न लावलेल्या कार्डावरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला देणारा लेप) खडूसारखी कोरडी झालेली असते. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करा, जुनी पेस्ट पुसा, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी नवी लावा आणि स्क्रू त्याच क्रमाने आवळा. बोर्डावर आणि कार्डावर फुगलेले किंवा वरून तपकिरी झालेले कपॅसिटर आहेत का तेही याच वेळी बघून घ्या.

उष्णतेमुळे येणाऱ्या रेघा ओळखता येतात: मशीन गार असताना काही नसतं, खेळायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतं. पहिल्या सेकंदापासून रेघा असतील तर पेस्ट बदलून फरक पडणार नाही. जीटीएक्स 650 ची कमाल मर्यादा 98 अंश सेल्सिअस आहे, पण भाराखाली 85 च्या वर सतत जात असेल तर मी ते कार्ड आजारीच समजतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते. तिथे हिवाळ्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त दिसले तर घाबरू नका.

कार्ड परत बसवून आता ड्रायव्हर तपासा. इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. जीटीएक्स 650 केप्लर पिढीचं आहे आणि त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर 2021 मध्ये 470 मालिकेवर थांबले, म्हणून त्याच मालिकेतला ड्रायव्हर टाका. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि "कोड 43" आला, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 4101 क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा दिसली, तर ड्रायव्हरचा दोष जवळपास फेटाळता येतो. 4101 चा अर्थ कार्डाने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. उत्तर का दिलं नाही हे ती नोंद सांगत नाही. तिथून पुढे विजेची चौकशी सुरू होते.

एसएमपीएसवरचा "450 वॅट" हा ठळक आकडा विसरून जा. बाजूच्या लेबलवर तक्ता असतो, त्यात +12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही मुख्यतः याच रेषेवर जगतात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर इथे 14 ते 18 अँपिअर दिसणं नवल नाही. समजा 16 असतील, तर 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. तुमचा प्रोसेसर 77 वॅटचा, कार्ड 64 वॅटचं, त्यात बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून 35-40. म्हणजे तो नवा होता तेव्हाही जेमतेम पुरत होता. दहा-बारा वर्षांत त्याच्या आतले कपॅसिटर सुकतात आणि तेवढंही देणं त्याला जमत नाही. 12 व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची आंधळी बेरीज करू नका. खाली दोन्हींची एकत्र मर्यादा दिलेली असेल तर तीच धरा.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी टोचणी मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या जोडणीच्या) काळ्या वायरीच्या भोकात आणि लाल टोचणी पिवळ्या वायरीच्या. टोचणी हलून दोन पिनांना एकदम लागू देऊ नका. मानकाप्रमाणे 11.4 ते 12.6 व्होल्ट चालतं, पण मी आकड्यापेक्षा घसरण बघतो. मीटर लावलेला ठेवून विंडोज सुरू होऊ द्या आणि स्क्रीन काळी होते त्या वेळी आकडा कुठे जातो ते टिपा. बायोसमध्ये 12.1 आणि काळी होताना 11.3, असं झालं तर दोषी सापडला. 12.05 वरून 11.95 वर आला तर वीज बहुधा ठीक आहे. बहुधा, कारण मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, क्षणभराची खोल घसरण त्यातून निसटते. 12 व्होल्टवरची लहर, म्हणजे व्होल्टेजमधली झटपट चढउतार, 120 मिलिव्होल्टच्या आत हवी, ती तर ऑसिलोस्कोपशिवाय दिसतच नाही. त्यामुळे शंका राहिली तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एक दिवसासाठी लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का ते दाखवतात, त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. भार पेलतो का, हे नाही.

जीटीएक्स 650 ला 6 पिनांची वेगळी वीज लागते आणि स्वस्त एसएमपीएसला ती पिन नसते, म्हणून मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावलेला असतो. तो काढून प्लास्टिक पिवळसर किंवा वितळलेलं आहे का बघा. सैल मोलेक्स पिन हे अशा बिघाडाचं अगदी नेहमीचं कारण आहे. दोन मोलेक्सचा कन्व्हर्टर असेल तर ते दोन्ही मोलेक्स एसएमपीएसमधून निघणाऱ्या वेगवेगळ्या केबलांवर हवेत. साटा पिनेवरून (डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या जोडणीवरून) 6 पिन काढणारा कन्व्हर्टर तर वापरूच नका: साटा जोडणीत 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे 54 वॅट. 6 पिनेला 75 वॅटपर्यंत मागायची मुभा आहे. हे कन्व्हर्टर जळतात.

शेवटची खात्री उलटसुलट करायची: तुमचं कार्ड चांगल्या एसएमपीएसच्या दुसऱ्या मशीनमध्ये आणि दुसरं चालू कार्ड तुमच्या मशीनमध्ये. तुमचं कार्ड तिथेही ठिपके दाखवत असेल तर कार्ड गेलं. तिथे नीट चालत असेल आणि दुसरं कार्ड तुमच्याकडे अडखळत असेल तर एसएमपीएस, किंवा क्वचित बोर्डाचा स्लॉट. मागून आणलेलं कार्ड अगदी कमी विजेचं असेल तर त्यावरून एसएमपीएसला निर्दोष ठरवू नका.

रीबॉलिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कार्डावर ते पैसे घालू नका. रीबॉलिंगमध्ये चिपच्या तळाचे, म्हणजे सबस्ट्रेट (सिलिकॉन ज्यावर बसवलेलं असतं ती छोटी पट्टी) आणि बोर्ड यांच्यामधले सोल्डरचे गोळे बदलतात. जुन्या चिपमध्ये बऱ्याचदा बिघाड असतो तो त्याच्याही आत, सिलिकॉन आणि सबस्ट्रेट यांच्यामधल्या सूक्ष्म जोडांत, आणि तिथे कुणाचा हात पोचत नाही. गरम केल्यावर तो जोड तात्पुरता टेकतो, म्हणून कार्ड दुकानात चालू दिसतं आणि घरी काही दिवसांनी पुन्हा तेच. हीट गन आणि ओव्हनचंही तसंच, वर कपॅसिटर आणि प्लास्टिक भाजून निघतं. चिपच्या जोडणीतला हा प्रकार किती खोल असतो ते 2008 मध्ये दिसलं होतं: लॅपटॉपमधल्या सदोष चिपांसाठी एनव्हिडियाने तेव्हा 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले होते.

कार्ड खरंच गेलंय असं धरू. नवं लावायचंच का, हे आधी ठरवा. लिखाण, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि 1080पी व्हिडिओ यांना एचडी 2500 पुरतं. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तरच कार्डावर खर्च करा, आणि तोही बेताचा. या प्रोसेसरला एव्हीएक्स2 सूचना कळत नाहीत, त्यामुळे काही नवे गेम कार्ड कितीही भारी असलं तरी सुरूच होणार नाहीत. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, हेही हिशेबात घ्या.

निवडीत पहिली अट अशी: कार्डाला वेगळी पिन नको. स्लॉट स्वतः 75 वॅटपर्यंत देतो, त्यात बसणारं घ्या. माझी पसंती जीटीएक्स 1650 ला, 75 वॅटचं, 6 पिन नसलेलं मॉडेल. काही कंपन्यांच्या मॉडेलांना पिन असते, म्हणून खोक्यावर नाही, कार्डाच्या कडेला बघा. जीटीएक्स 1050 टीआय वापरलेलं स्वस्त मिळतं आणि या प्रोसेसरला शोभतं, पण त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, आता फक्त सुरक्षा अपडेट येणार. जीटी 1030 फक्त 30 वॅटचं आहे. घेताना जीडीडीआर5 मेमरीचंच मागा. डीडीआर4 वाल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला 48 ऐवजी 16.8 जीबी आहे आणि नाव मात्र तेच. जीटी 710 दुकानात हमखास पुढे केलं जातं. ते तुमच्या 650 सारखंच केप्लर पिढीचं, घेऊ नका. आरएक्स 6400 कागदावर छान दिसतं, 53 वॅटच लागतात, पण ते स्लॉटच्या 16 पैकी 4 लेनच (डेटाच्या वाटाच) वापरतं. जुन्या बोर्डावर, विशेषतः स्लॉट जुन्या पीसीआय एक्स्प्रेस 2.0 प्रकारचा असेल तर, त्याची गती मार खाते. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो या बोर्डात नाही.

आता व्हीजीए. 1650, 1050 टीआय आणि 1030, तिघांतूनही व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघत नाही. जुना डीव्हीआय-ते-व्हीजीए जोड त्यांच्यावर चालणार नाही: त्याच्या चपट्या पिनेभोवती चार छोट्या पिना असतात आणि नव्या कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला ती भोकंच नसतात. चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो, तो कार्डासोबतच घेऊन या. नाहीतर घरी आल्यावर काळी स्क्रीन बघून नवं कार्डही खराब निघालं असं वाटेल.

वरचा 192 वॅटचा हिशेब 1650 लावल्यावर आणखी ताणतो, म्हणून एसएमपीएसही बदला: नावाजलेल्या कंपनीचा 450 वॅट, 80 प्लस (विजेच्या कार्यक्षमतेचा शिक्का), 12 व्होल्टवर 30 अँपिअर किंवा जास्त. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी एसएमपीएस घ्या आणि एचडी 2500 वर काम चालवा.

वापरलेलं कार्ड घेत असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो वा कुणाच्या घरून, तर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) लावा आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून चिपचं नाव बघा. जुन्या जीटीएस 450 किंवा जीटीएक्स 550 टीआयची बायोस बदलून ती 1050 टीआय म्हणून विकली जातात. "1050 टीआय" नावाच्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथेच थांबा. स्वस्त आरएक्स 570 आणि 580 बहुतांशी मायनिंगमधून (आभासी चलन मिळवायला रात्रंदिवस चालवलेल्या मशीनमधून) आलेली असतात. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर ती बाजारात ओतली गेली. तुमच्या मशीनला ती तशीही विजेमुळे नकोत.

बसवण्याआधी मदरबोर्डची बायोस त्याच्या शेवटच्या आवृत्तीवर आणा. जुन्या बायोसवर काही नवी कार्डं चित्रच देत नाहीत. अपडेट यूपीएसवर असतानाच करा, मधेच वीज गेली तर बोर्ड हातचा जातो. मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती सेंटिमीटर जागा आहे तेही आधी मोजा, कारण दोन पंख्यांची कार्डं 20 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतात.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. जुना ड्रायव्हर डीडीयूने काढा, मशीन बंद, वायर भिंतीतून बाहेर, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपवा. कॅबिनेट आडवं करून आतल्या उघड्या धातूला हात लावा. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा, कार्ड सरळ वर उचला. नवं कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खिट्टीचा आवाज येईपर्यंत बसवा आणि पट्टीचा स्क्रू लावाच, नाहीतर केबलच्या ओढीने कार्ड तिरकं होतं. मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, बोर्डाला नाही. टीव्हीला जोडत असाल तर टीव्ही आणि पीसी दोन्ही भिंतीवरून बंद करूनच एचडीएमआय लावा. अर्थिंग नीट नसलेल्या घरात चालू अवस्थेत जोडताना पोर्ट जळू शकतो.

चित्र आलं नाही तर बायोसमध्ये पहिला डिस्प्ले "पीईजी" (म्हणजे स्लॉटमधलं कार्ड) किंवा "ऑटो" करा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सीआर2032 सेल बदला, नाहीतर हे सेटिंगही टिकणार नाही. चित्र आलं की नवा ड्रायव्हर टाका, अर्धा तास फरमार्क चालवा आणि मीटर मोलेक्सवर लावून ठेवा. खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान आणि भाराखालचे 12 व्होल्ट हे तीन आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवा. पुढे कधी गडबड झाली तर तेच तीन आधी पुन्हा मोजायचे.